भुंग्याचे दात

६ डिसेंबर

धाकल्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते दोनदा उलटंपालटं केलं असणार. हो, मीच लिहितोय. तुझी वहिनी लिहायला तयार नाही. म्हणते, "कुत्रा तुमच्या भावाचा, तक्रार तुमची, मग पत्र मी का लिहू?" तुमचं दोघांचं काय पत्रातून चालतं ते मी विचारत नाही. मला फक्त कुत्र्याबद्दल बोलायचंय.

तुझ्या भुंग्याने माझं घर खायला घेतलंय.

तू गेलास तेव्हापासून तो वर तुझ्या खोलीत राहत होता. वहिनी त्याला वरच जेवायला घालायची, माझी काही हरकत नव्हती. थंडी पडली तशी ती त्याला खाली घेऊन आली, आणि तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचा पाय, तिच्या शिवणयंत्राची पेटी, आरशाची चौकट, बाबांच्या आरामखुर्चीचा हात आणि दाराजवळची चपलांची मांडणी, सगळीकडे दात. चपलांना हात लावला नाही हं साहेबांनी, मांडणी खाल्ली! कुत्रा आहे की वाळवी? सुताराच्या घरात लाकूड खाणारा कुत्रा, म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. परवा एक गिऱ्हाईक मला म्हणतं, "दुरुस्तीची कामं घरातच तयार करता वाटतं?" मी हसलो. आतून काय झालं ते तुला सांगायला नको.

तर आता नीट वाच. रोपवाटिकेच्या मालकाला फाटकापाशी साखळीला बांधायला कुत्रा हवाय. मी त्याला एक जानेवारीचा वायदा केलाय. त्याआधी तू येऊन कुत्रा घेऊन जा, नाहीतर तो तिकडे जाईल. विषय संपला.

बाकी कशावर मला लिहायचं नाही. तरी एक लिहितो, कारण वहिनीने माझं डोकं खाल्लंय की मी तुला हाकलून दिलं. मी हाकललं? शाळेच्या मोठ्या बाई बाकांची ऑर्डर घेऊन आल्या होत्या, मी त्यांच्याशी बोलत होतो. तू मध्येच तुझी ती पांढऱ्या डिंकाची बाटली पुढे केलीस. "दादा, शाळेत रोज फरशी धुतात, पाण्यात सरसाने चिकटवलेले जोड टिकणार नाहीत." गिऱ्हाइकासमोर! मग मी काय करणार होतो? बाईंना मी आपल्या दुकानातल्या स्टुलावर उभं केलं, गदागदा हलवून दाखवलं, म्हटलं, "हा सरसाचा जोड. माझ्या हातचा. आहे का हलायला तयार?" आणि तुझी बाटली मोरीत ओतली. तू स्टुलाकडे नुसता बघत उभा राहिलास. तोंडातून एक शब्द नाही. उत्तर असतं तर दिलं असतंस ना? नव्हतं म्हणून पिशवी उचललीस. ह्याला हाकलणं म्हणतात?

असो. एक जानेवारी लक्षात ठेव.

तुझा मोठा भाऊ (मानत असशील तर)


१४ डिसेंबर

धाकल्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या कोऱ्या जागेत चार वाक्यं. "खोलीत कुत्रा ठेवू देत नाहीत. दुसरी जागा बघतोय. दादा, त्याला साखळीला देऊ नकोस. माझ्या खोलीत त्याने कधी काही चावलं नाही."

तुझ्या खोलीत चावण्यासारखं होतं काय? एक खाट, एक फळी आणि ते तू स्वतः जोडलेलं खोकं. त्यालाही चव असते रे.

कार्ड वहिनीने वाचलं. मग जेवताना भांडी जरा मोठ्याने ठेवत होती. शेवटी म्हणाली, "त्याला गटारातून काढून आणलं तेव्हा भाऊजी रात्र रात्र कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होते. आता साखळीला बांधा म्हणजे झालं." मी म्हटलं, मग मी काय करू? तर म्हणे, "तुम्ही एवढे कारागीर, एका कुत्र्याची खोड मोडता येत नाही?"

आता हे बोलणं मला लागलं, हे मी लपवत नाही. ज्या माणसाने दमट लाकडाला सरळ केलंय, त्याचं पाव वीत तोंडाचा कुत्रा ऐकणार नाही? म्हणून ठरवलंय. एक तारखेपर्यंत मी ह्याला सुधारतो. सुधारला तर राहील. नाही सुधारला तर रोपवाटिका. पण तो सुधारणार, कारण मी हातात घेतलंय.

सुरुवात झाली. पहिल्यांदा मी ओरडून बघितलं. त्याला वाटलं आपण खेळतोय. मग वर्तमानपत्राची सुरळी आपटली. ती त्याने तोंडात धरून मला आणून दिली. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला एवढं काय आहे मला कळत नाही.

दिवसभर मी त्याला दुकानात माझ्याजवळ ठेवतो. एक मान्य करावं लागेल, कामाची गोडी आहे त्याला. सरसाचं भांडं चुलीवर चढवलं की समोर बसतो, कान ताठ, डोळे भांड्यावर. तू कधी एवढ्या एकाग्रतेने बघितलं नाहीस.

मोठा भाऊ


१९ डिसेंबर

धाकल्या,

प्रगती चांगली आहे. निकाल अजून लागायचाय, पण प्रगती आहे.

खोकल्यावर मी तो कडू काढा घेतो ना, तो टेबलाच्या पायाला फासला. भुंग्याने चाटला, तोंड वाकडं केलं, आणि काढ्याच्या जरा वर, जिथे पाय वरच्या पट्टीत बसवलाय, तिथे चावला. मग तिथे तिखट लावलं. तो बिचारा शिंकून शिंकून बेजार, वहिनी माझ्यावर बेजार, आणि रात्री त्याच हाताने मी डोळा चोळला तेव्हा मी बेजार.

शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी त्यांनी मला झाडलं, "तिखट काय लावता? तुमच्या तोंडाला लावू?" मग नीट सांगितलं. ओरडायचं नाही, मारायचं नाही. सकाळ-संध्याकाळ लांब फिरवून दमवायचा. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यायचं. नको ती वस्तू धरली की ओढाताण न करता त्याची वस्तू पुढे करायची, त्याने तोंड बदललं की पाठ थोपटायची. "आणि जे चावतो ते नेमकं काय चावतो ते बघा," म्हणाल्या. मी म्हटलं, लाकूड चावतो, त्यात बघायचं काय?

फिरवणं चालू केलंय. कालव्याच्या कडेने पुलापर्यंत आणि परत. माझ्या गुडघ्यालाही बरं वाटतंय. सगळी गल्ली त्याला नावाने हाक मारते, मला मात्र "भुंग्याचे मालक" म्हणायला लागलेत. इतकी वर्षं दुकान चालवून ही कमाई.

येताना तुझ्या जुन्या शाळेवरून येतो. तुला सोडायला जायचो तोच रस्ता. आता फुटपाथ झालाय.

उद्या त्याच्यासाठी खेळणं करायला घेतोय. उत्तम शिसवीचा तुकडा राखून ठेवला होता, तो काढलाय. असं खेळणं कुठल्या कुत्र्याच्या वाट्याला आलं नसेल.

मोठा भाऊ


२४ डिसेंबर

धाकल्या,

कोडं सुटलं! कुणाच्या डोक्यात आलं नसतं ते तुझ्या भावाच्या डोक्यात आलं.

क्रमाने सांगतो. शिसवीचं हाड केलं, घासून गुळगुळीत, टोकं गोल. भुंग्याने हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी चूक केलीय. दोन दिवस ते तिथेच लोळत होतं. काल माझ्या हातून हातोडा पडला आणि हाड मधोमध फुटलं. चांगलं लाकूड टाकवत नाही, म्हणून सवयीने सरस लावून जोडलं, शिकंज्यात आवळलं, आणि आज सकाळी वाळल्यावर त्याच्यापुढे टाकलं.

काय सांगू तुला! झडप घातली. दोन्ही पायांत धरून अगदी डोळे मिटून चावत बसला. आणि कुठे? बरोब्बर जोडावर. टोकांना दात नाही, मधल्या रेघेवर दात.

मी उठलो आणि चावलेली एकेक वस्तू गुडघ्यावर बसून बघितली. टेबलाचा पाय जिथे पट्टीत बसतो तिथे. पेटीचा कोपरा जिथे मी गेल्या वर्षी सांधला तिथे. आरशाच्या चौकटीचे चारही कोन. आरामखुर्चीचा हात, बाबांच्या हातून मोडलेला, मी जोडलेला. हा कुत्रा लाकूड खातच नाही रे! हा सरस खातो. आपण सरस कशाचा करतो? हाडं आणि कातडी. आपल्या घराण्याच्या नाकाला तो वासच राहिलेला नाही, पण त्याला हे अख्खं घर खाटकाच्या दुकानासारखं वाटत असणार. बिचारा दुकानात भांड्यासमोर बसायचा तो काय कामाच्या गोडीने?

वहिनीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरात जे जे तुम्ही जोडलं ते ते त्याने चावलं." तिच्या बोलण्याचा सूर मला आवडला नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक जोडावर लाखेचे दोन-तीन हात मारतो. वास आतच कोंडला जाईल. त्याचं ते सरसाचं हाड मी काढून घेतलं, नाहीतर आणखी चटक लागायची. डॉक्टरीणबाईंनी दुसरं चावायचं हाड दिलंय, ते त्याने पत्करलंय. रोपवाटिकावाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही, पण एक तारखेला तो रिकाम्या हाताने जाणार असं समज.

दादा


२८ डिसेंबर

धाकल्या,

लाख उपयोगाची नाही. आरशाची चौकट त्याने खरवडून परत चाखली.

वहिनी म्हणते, "घरातले जोड बाटलीतल्या डिंकाने करा." मी म्हटलं, माझ्या हयातीत नाही. ती म्हणाली, "मग आत्ताच त्याचं सामान बांधते," आणि त्याचं फडकं, ताटली सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं. तुझ्यासारखीच. बोलायचं नाही, पिशवी भरायची.

आज दुपारी जे झालं ते आता सांगतो. आधी बसून घे.

मी जेवायला घरात आलो आणि दुकानाचं मधलं दार लोटायचं राहिलं. परत गेलो तर भुंगा आत. गिऱ्हाइकांच्या तीन खुर्च्या, एक पाट, औषधाच्या दुकानाचं फडताळ, ज्याला ज्याला मी हात लावला होता त्या प्रत्येकाच्या जोडावर ओल्या दातांची खूण. नाकी नऊ आणले. मी डोकं धरून मटकन बसलो.

कशावर बसलो? स्टुलावर. आणि बसल्यावर लक्षात आलं, स्टुलाला काही झालेलं नव्हतं.

दाराजवळच असतं ते, सगळ्यात आधी त्याच्या तोंडाशी येणारं. चारही पाय जोडलेले. माझ्या सरसाने जोडलेले, बाईंना दाखवलेले, आलेल्या प्रत्येक माणसाला मी हलवून दाखवतो ते. त्याला एक दात नाही. मी भुंग्याला जवळ घेऊन त्याचं नाक स्टुलाच्या पायाला लावलं. त्याने तोंड फिरवलं आणि माझा हात हुंगला.

मी स्टूल उलटं केलं. गरम पाण्यात फडकं बुडवून जोडावर धरून ठेवलं. सरस असता तर मऊ पडला असता, बोटाला चिकटला असता. तसं काही झालं नाही. कडेला एक बारीक रेघ होती, ती भिजून दुधासारखी पांढरी झाली.

आणि पटाशीचे ओरखडे. जुना सरस खरवडून काढताना पटाशी लागतेच. सगळे ओरखडे डावीकडून उजवीकडे उतरलेले. ह्या दुकानात डावखुरं माणूस एकच होतं.

मी तसाच स्टूल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "शिकंजा मीच धरला होता."

मग तिने सांगितलं. गेल्या पावसाळ्यात मी तापाने अंथरुणात होतो, दुकानात ओल आली होती, आणि पोस्टमन बसताच स्टुलाचे चार पाय चार दिशांना गेले. तू ते तुझ्या पांढऱ्या डिंकाने दुपारभर बसून पुन्हा उभं केलंस. तिला म्हणालास, "दादाला सांगू नकोस. उठल्यावर पहिल्यांदा तो ह्या स्टुलाला हात लावून बघेल."

खरंच बघितला होता. उठलो त्या दिवशी बघितला होता, आणि तुला हाक मारून म्हटलं होतं, "बघ, एवढ्या ओलीत हललं नाही. ह्याला सरस म्हणतात." तू म्हणालास, "हो दादा."

आता मला फक्त तो बाईंचा दिवस दिसतोय. त्या स्टुलावर उभ्या आहेत, मी बढाया मारतोय, तुझी बाटली माझ्या हातात आहे, आणि उत्तर त्यांच्या पायाखाली आहे. तू एक वाक्य बोलला असतास तर जिंकला असतास. मला वाटलं तुझ्याकडे बोलायला काही नाही.

आज पुढे लिहवत नाही.

दादा


१ जानेवारी

धाकल्या,

आज डोकं ठिकाणावर आहे, म्हणून सगळं सरळ लिहितो.

सकाळी रोपवाटिकावाला आला, खांद्यावर साखळी टाकून. मी म्हटलं, "कुत्रा मिळणार नाही." तो म्हणाला, "अहो, शब्द दिला होतात." म्हटलं, "दिला होता, परत घेतला. कुत्रा आता इथे कामावर आहे." "कसलं काम?" "जोड तपासतो." माझ्याकडे जरा काळजीने बघत तो निघून गेला. वहिनीने पिशवीतून ताटली काढून जागेवर ठेवली आणि डोळे पुसले. मीही नाक शिंकरलं. थंडी आहे इकडे.

आता घरातले सगळे जोड सोडवून पांढऱ्या डिंकाने करायचे आहेत. टेबल, पेटी, आरसा, मांडणी, सगळे. बाबांची खुर्चीसुद्धा. सरसाबद्दल मी बोललेला एक शब्द मागे घेत नाही, हे ध्यानात ठेव. कोरड्या जागी त्याच्यासारखा जोड नाही आणि दुकानात तो राहील. पण जिथे पाणी आहे आणि जिथे भुंगा आहे, तिथे तुझी बाटली. हे मी लिहून देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तो डिंक इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मी जाऊन बघून आलो. मोठी बाटली, छोटी बाटली, सगळ्या आहेत. घेतली नाही. किती लावायचा, किती वेळ आवळून ठेवायचा, मला काही माहीत नाही, आणि ह्या वयात मी ते बाटलीवर वाचून शिकणार नाही. तू येऊन दाखव. एवढंच नाही रे, नुसता ये. घर तुझ्यावाचून ओकंबोकं झालंय. वहिनी दोन माणसांचा चहा अजून तिघांचा टाकते आणि तिसरा कप मी मुकाट्याने पितो.

आणि हे शेवटचं. दुपारी मोठ्या बाई आल्या होत्या. मी शाळेला करून दिलेले बाक पायांपासून सुटायला लागलेत, रोजच्या धुण्याने. तू म्हणाला होतास तेच. त्या रागावल्या नव्हत्या, पण स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यावर उभं करून तुम्ही मला पटवलंत. मग हे कसं टिकलं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. भुंगा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मी म्हटलं, "बाई, हा सरस नाही. हे काम माझ्या धाकट्या भावाचं आहे. तुमचे बाक तोच नीट करील."

त्या म्हणाल्या, "मग ते आहेत कुठे?"

मी म्हटलं, "येतोय. ह्या आठवड्यात येतोय."

सांगून बसलोय खरा. गिऱ्हाइकासमोर तू मला आजवर कधी खोटं पाडलं नाहीस. आताही पाडू नकोस.

दादा